दोषांचा रकाना

तरुण माणसाची परीक्षा करताना कागदाच्या मधोमध एक उभी रेघ ओढावयाची, डावीकडे गुण मांडावयाचे, उजवीकडे दोष मांडावयाचे, आणि खाली बेरीज-वजाबाकी करून त्याच्या सबंध आयुष्याचा निकाल लावून मोकळे व्हावयाचे, ही रीत आता इतकी रूढ झाली आहे की तिच्याविरुद्ध बोलणारा मनुष्य एकतर भाबडा ठरतो किंवा स्वतः नापास झालेला ठरतो. मी दोन्ही आरोप पत्करून हा लेख लिहीत आहे. माझे शिक्षण मॅट्रिकवर थांबले. पोटासाठी मी शाळामास्तर आहे आणि हौसेने कादंबऱ्या लिहितो. पहिल्या धंद्यात मला दर सहामाहीला पोरांच्या प्रगतिपुस्तकांत शेरे लिहावे लागतात. दुसऱ्यात माणसे उभी करावी लागतात. ह्या दोन्ही धंद्यांनी मला शिकवले ते त्या उभ्या रेघेच्या अगदी उलट आहे. तेच आज मी बास्केटबॉल खेळणाऱ्या एका अमेरिकन पोराच्या उदाहरणाने सांगणार आहे.

उदाहरण इतके लांबचे कशाला, असे वाचक विचारतील. कारण सरळ आहे. आमच्याकडे शेरा लिहिला जातो, पोरगा शाळा सोडतो, आणि प्रगतिपुस्तक रद्दीत जाते. शेरा खरा ठरला की खोटा, हे पुन्हा उघडून पाहण्याची आम्हांला सवय नाही आणि सोयही नाही. अमेरिकेत मात्र व्यावसायिक बास्केटबॉलच्या बाजारात पोरगा कॉलेजातून बाहेर पडण्यापूर्वीच त्याच्यावर जाहीर शेरे छापले जातात, आणि पुढे तो काय खेळला तेही सामन्यागणिक नोंदले जाते. शेरा मारणाराची परीक्षा घेण्यास ह्याहून चांगली जागा मला ठाऊक नाही.

तर जून २००९ची गोष्ट. एनबीए ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन व्यावसायिक संघटनेचे तीस संघ दरवर्षी ‘ड्राफ्ट’ नावाच्या समारंभात आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. त्याआधी उमेदवारांची मापे घेतली जातात. अनवाणी उंची किती, बूट घालून किती, हात पसरले की लांबी किती, जागच्या जागी उडी किती. आमच्याकडे मुलगी पाहावयास आलेली मंडळी ‘जरा चालून दाखव’ म्हणत, त्याची ही सुधारलेली आवृत्ती. त्या वर्षीच्या उमेदवारांत उत्तर कॅरोलायनातल्या डेव्हिडसन ह्या छोट्या कॉलेजचा एकवीस वर्षांचा स्टीफन करी होता. बूट घालून सहा फूट तीन इंच, अंगाने सडपातळ, चेहऱ्याने त्याहून लहान. त्याच्यावरचे शेरे एकत्र केले तर असे होतात: नेम उत्तम, पण उंची बेताची, ताकद कमी, उसळी व चपळाई एनबीएच्या मानाने फारच अपुरी, बचावात मार खाईल, आणि मुख्य म्हणजे हा जातिवंत पॉइंट गार्ड नव्हे, ह्याच्या हाती संघाची सूत्रे देऊ नयेत.

संघांनी हे शेरे किती मनावर घेतले ते निवडीवरून दिसते. दुसऱ्या क्रमांकावर निवड झाली ती टांझानियाच्या हशीम थबीट ह्या सात फूट तीन इंच उंचीच्या खेळाडूची. मिनेसोटाच्या संघाला लागोपाठ पाचवी आणि सहावी निवड होती. त्यांना पॉइंट गार्डच हवा होता, आणि त्यांनी दोन्ही वेळा पॉइंट गार्डच घेतले, रिकी रुबियो आणि जॉनी फ्लिन. करी सातव्या क्रमांकावर गोल्डन स्टेटकडे गेला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. २०१५ आणि २०१६ असा दोनदा तो वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, दुसऱ्या वेळी एकही मत विरुद्ध न जाता, आणि हे त्यापूर्वी कोणाच्याही वाट्याला आले नव्हते. त्याच्या संघाने २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२ साली अजिंक्यपद मिळवले.

एवढे सांगितले की कीर्तनकार पुढे सरसावतात. ‘पाहा, तज्ज्ञ किती मूर्ख! मुला, कोणाचे ऐकू नकोस, स्वतःवर विश्वास ठेव!’ हे कीर्तन हल्ली शाळाशाळांच्या स्नेहसंमेलनांत पाहुण्यांच्या तोंडून फुकट ऐकावयास मिळते. मला त्या तज्ज्ञांइतकाच ह्या कीर्तनकारांचाही राग आहे. कारण शेऱ्यांतल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या! पोरगा सडपातळ होताच. धिप्पाड खेळाडूपुढे तो ढकलला जात असे. चेंडू गमावण्याची त्याला खोड होतीच, आणि ती पुढेही गेली नाही. कोणाचेच ऐकावयाचे नाही असे त्याने ठरवले असते, तर तो कंबरेपासून चेंडू फेकीत राहिला असता आणि आज त्याचे नाव आपल्या कानांवर आले नसते. त्या फेकीची गोष्ट पुढे येईलच. शेरे खोटे होते ही माझी तक्रार नाही. खऱ्या गोष्टींतून खोटा निकाल कसा निघतो, हे मला दाखवावयाचे आहे.

पहिले पाप मोजपट्टीचे. ‘जातिवंत पॉइंट गार्ड नव्हे’ ह्या शेऱ्याचा अर्थ काय? बास्केटबॉलमध्ये एका बाजूस पाच खेळाडू असतात. चेंडू पुढे आणणारा, कोणी कोठे उभे राहावयाचे हे ठरवणारा आणि ऐन क्षणी योग्य माणसाच्या हाती चेंडू देणारा तो पॉइंट गार्ड. आपण त्याला सारथी म्हणू. सारथ्याने आधी दुसऱ्यास द्यावे, स्वतः शेवटी फेकावे, हा जुना संकेत. करी तर लांबून बास्केटवर नेम धरणारा. २००७-०८च्या हंगामात त्याने तीन गुणांच्या रेषेबाहेरून १६२ वेळा चेंडू बास्केटमध्ये टाकला होता आणि कॉलेजच्या खेळात एका हंगामात इतके कोणी केले नव्हते. तेव्हा हा नेमबाज, सारथी नव्हे, असे ठरले. म्हणजे पोराला पाहून शेरा लिहिला गेला नाही; ‘पॉइंट गार्ड’ ह्या शब्दाची आधीच तयार असलेली व्याख्या पोराच्या अंगाला लावून पाहिली गेली, आणि जेथे ती बसेना तेथे पोराचा दोष निघाला. शिंप्याने सदरा बेतावा आणि तो बसत नाही म्हणून गिऱ्हाइकाच्या खांद्याला नावे ठेवावीत, त्यातला हा प्रकार.

ह्या व्याख्येत न मावणारी गोष्ट मैदानावर उघड दिसत होती. २५ नोव्हेंबर २००८ रोजी मेरीलँडच्या लॉयोला कॉलेजशी सामना होता. लॉयोलाच्या प्रशिक्षकाने ठरवले की करीला गुण करू द्यावयाचे नाहीत. त्याच्यामागे सबंध सामनाभर दोन-दोन रक्षक लावावयाचे. दुसरा एखादा तरुण नेमबाज चिडला असता, धडपडला असता. हा पोरगा त्या दोघांना घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला! विरुद्ध बाजूचे दोघे कोपऱ्यात अडकले; उरलेल्या जागेत डेव्हिडसनचे चार आणि लॉयोलाचे तीन. करीचे गुण शून्य; डेव्हिडसनचे ७८, लॉयोलाचे ४८. ज्या खेळाडूने त्या हंगामात सामन्यामागे सरासरी २८.६ गुण करून सबंध देशात पहिला क्रमांक मिळवला, त्याने एक दिवस शून्यावर समाधान मानून आपल्या संघाला तीस गुणांनी जिंकू दिले. सारथ्य म्हणतात ते ह्याहून निराळे काय असते? पण पास दिला तर तो वहीत नोंदला जातो; कोपऱ्यात शहाणपणाने उभे राहणे कोणत्या रकान्यात नोंदावयाचे?

त्याआधी मार्च २००८मध्येही हेच दिसले होते. राष्ट्रीय स्पर्धेत डेव्हिडसनने गोन्झागा, जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिन ह्या तीन बड्यांना हरवले. करीचे गुण अनुक्रमे ४०, ३० आणि ३३. पुढे कॅन्ससविरुद्ध दोन गुणांनी मागे असताना शेवटचा चेंडू त्याच्याच हाती होता. दोन रक्षक अंगावर आले, आणि सगळ्या देशाने ज्याच्या फेकीची वाट पाहिली त्याने मोकळ्या असलेल्या जोडीदाराकडे चेंडू दिला. जोडीदाराची फेक हुकली. डेव्हिडसन ५७–५९ असे हरले. त्यात चेंडू गेला म्हणून निर्णय चुकला असे म्हणावयाचे असेल तर जरूर म्हणावे. पण हा पोरगा फक्त स्वतःसाठी फेकतो, असे निदान त्यानंतर तरी म्हणता येऊ नये.

एनबीएत गेल्यावर ह्याच गुणाने खेळाचा नकाशा बदलला. तिथे तीन गुणांची रेषा मध्यभागी २३ फूट ९ इंचांवर असते. रेषेच्याही बाहेरून नेम धरणारा मनुष्य असला की रक्षकांना बास्केटजवळची जागा सोडून पुढे धावावे लागते. आपल्याच संघाचा एखादा दांडगा खेळाडू करीच्या रक्षकाच्या वाटेत आडवा उभा राहतो, तेव्हा विरुद्ध बाजूचे दोघेही करीवर चालून येतात. करी त्यांच्यामधून छोटा पास देतो, आणि पुढे पुन्हा चारांविरुद्ध तीन! कोपऱ्यातले तेच गणित आता मैदानाच्या मध्यावर आले. त्याची फेक हाच त्याचा पास होता. व्याख्येच्या चष्म्यातून पाहणाराला मात्र फेक वेगळ्या रकान्यात दिसत होती आणि पास वेगळ्या.

मोजपट्टीचे हे पाप कित्येकदा ह्याहून ओंगळ असते. जेरेमी लिन हा तैवानी आईबापांचा, कॅलिफोर्नियात वाढलेला पोरगा. २००६ साली त्याच्या शाळेने राज्याचे अजिंक्यपद मिळवले. तरी एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला खेळाची शिष्यवृत्ती दिली नाही. तो हार्वर्डला गेला. २०१० साली साठ पोरांची निवड झाली, त्यांत तो नव्हता. नंतर दोन संघांनी त्याला ठेवून सोडून दिले. फेब्रुवारी २०१२मध्ये न्यूयॉर्कच्या संघाने नाइलाजाने त्याला मैदानात पाठवले, तेव्हा एका सामन्यात २५ आणि त्याच आठवड्यात लेकर्सविरुद्ध ३८ गुण त्याने केले. त्याच्यात दोष नव्हते असे नाही. त्याच महिन्यात मायामीने त्याला कोंडले तेव्हा त्याने आठ वेळा चेंडू गमावला. पण ते दोष पाहण्यासाठी तरी आधी त्याला पाहावयास हवे होते. तशा चेहऱ्याचा पॉइंट गार्ड डोळ्यांच्या सवयीचा नव्हता, म्हणून डोळ्यांना दिसलाच नाही.

दुसरे पाप त्या उभ्या रेघेचे. गुण आणि दोष ही दोन वेगळी खाती आहेत, दोषांच्या खात्यातून रक्कम काढली तरी गुणांचे खाते तसेच राहील, असे रेघ ओढणारा समजतो. येथे मी कादंबरीकार म्हणून बोलतो. वाईट कादंबरीकार पात्राची यादी करतो: शूर, पण रागीट, प्रेमळ, पण दुबळा. अशी पात्रे पुठ्ठ्याची होतात. जिवंत पात्र हाती लागते ते त्याचा गुण आणि त्याचा दोष एकाच मुळातून फुटताना दिसला म्हणजे. कर्णाचे दातृत्व आणि कर्णाचा घात ह्या दोन गोष्टी नव्हेत. कवचकुंडले मागणाराला नाही म्हणू शकणारा कर्ण शहाणा झाला असता, पण तो कर्ण राहिला नसता.

करीच्या कॉलेजातल्या पहिल्याच सामन्याचा हिशेब पाहा. नोव्हेंबर २००६, ईस्टर्न मिशिगनविरुद्ध. १५ गुण केले, आणि १३ वेळा चेंडू गमावला. तेरा! कोणत्याही रकानेवाल्याने त्याला बाकावर बसवले असते आणि ‘बेजबाबदार’ असा शेरा मारला असता. डेव्हिडसनचे प्रशिक्षक बॉब मॅकिलप ह्यांनी त्याला मैदानातच ठेवले. पुढच्याच सामन्यात, मिशिगन विद्यापीठाविरुद्ध, त्याने ३२ गुण केले. मॅकिलप ह्यांना तेरा चुका दिसल्या नाहीत असे थोडेच आहे? पण त्यांना हेही दिसले असले पाहिजे की ह्या चुका आळसाच्या नाहीत, धिटाईच्या आहेत. दुसऱ्याला न दिसणारी फट ह्याला दिसते आणि हात अजून त्या डोळ्यांइतके तयार नाहीत. त्या पोराला चुकांबद्दल बाकावर बसवला असता तर तो चुका करावयाचा थांबला असता हे खरे. आणि त्याबरोबर फट पाहावयाचाही थांबला असता.

हे मूळ शेवटपर्यंत जात नाही, हेही कीर्तनकारांनी ऐकून ठेवावे. १९ जून २०१६, अंतिम फेरीचा सातवा सामना, स्वतःचे घरचे मैदान, शेवटची काही मिनिटे, आणि करीने साधा पास पुरला असता तेथे पाठीमागून चेंडू दिला. तो सरळ मैदानाबाहेर गेला. क्लीव्हलंडने सामना ९३–८९ असा जिंकला. ह्याच हंगामात त्याने तीन गुणांच्या ४०२ फेकी यशस्वी करून विक्रम केला होता. जो हात चारशे दोन वेळा धजला तोच हात त्या रात्री धजला. एकाबद्दल हार आणि दुसऱ्याबद्दल शिव्या द्यावयाच्या तर खुशाल द्या. पण हात एकच होता हे विसरू नका.

तिसरे पाप सर्वांत मोठे. शेरा ‘आज असे आहे’ येथे सुरू होतो आणि नकळत ‘पुढेही असेच राहील’ येथे जाऊन पोचतो. ह्याच्या उलट खरा शेरा कसा असतो ते करीच्या घरातच सापडते. शाळेत असताना अंगात बळ नसल्यामुळे तो चेंडू कंबरेजवळून वर फेकीत असे. नेम लागे, पण वडील डेल करी स्वतः एनबीएत सोळा हंगाम खेळलेले, त्यांनी सांगितले की अशी फेक पुढे उंच खेळाडू सहज अडवतील, चेंडू कपाळाच्या वरून सुटला पाहिजे. सबंध एक उन्हाळा बापाने पोराची जुनी फेक मोडून नवी बसवली. त्या काळात जवळूनसुद्धा चेंडू आत जाईना. हा शेरा कठोर नव्हता काय? छापील शेऱ्यांहून कितीतरी कठोर होता. पण त्याच्यापुढे काम लिहिलेले होते.

माझा सगळा मुद्दा ह्या एका वाक्यात येतो. ज्या दोषापुढे काम लिहिता येत नाही, तो दोष नव्हे. ते नुसते वर्णन आहे. ‘उंची बेताची’ ह्यापुढे काय लिहिणार? ‘उंच हो’? वर्णन करावयाचे तर करा, पण ते दोषांच्या रकान्यात घालून पोराच्या नावावर कर्ज म्हणून चढवू नका. आणि ज्यापुढे काम लिहिता येते, तेथे ते लिहिल्याशिवाय पेन खाली ठेवू नका. करीचा उजवा घोटा पुन्हा पुन्हा मुरगळे. २०११ आणि २०१२ अशी दोन वर्षे लागोपाठ त्यावर शस्त्रक्रिया झाल्या, आणि २०११-१२च्या हंगामात तो फक्त २६ सामने खेळला. ‘नाजूक’ असा शेरा मारून त्याला विकता आले असते. संघाने मार्च २०१२मध्ये आपला सर्वाधिक गुण करणारा मोन्टा एलिस दुसरीकडे दिला आणि ह्या लंगड्याला ठेवले. त्याबद्दल घरच्याच प्रेक्षकांनी भर मैदानात मालकाची हुर्यो उडवली. मग घोट्यावरचा भार कंबर-मांड्यांनी उचलावा म्हणून त्याला वजने उचलावयास लावले गेले. पुढच्याच हंगामात त्याने तीन गुणांच्या २७२ फेकींचा त्या वेळचा विक्रम केला.

आता व्यवहारी वाचक म्हणेल, ‘मास्तर, मागाहून शहाणपण सांगणे सोपे आहे. २००९ साली तुम्ही काय लिहिले असते?’ रास्त प्रश्न आहे. त्या दिवसापर्यंत जे मैदानावर दिसले होते तेवढ्यावरच लिहितो:

‘चेंडू हाती नसतानाही दोन रक्षकांना बांधून ठेवतो, लॉयोलाचा सामना पाहावा. स्वतःच्या गुणांपेक्षा संघाचा फायदा त्याला आधी दिसतो. पास देताना साधी वाट असूनही अवघड वाट धरतो. साध्याच्या जागी साधा पास देण्याचा सराव रोज घ्यावा, मात्र अवघड पास बंद करू नयेत. धिप्पाड खेळाडूपुढे ढकलला जातो. कमरेखालचे अंग बळकट करावे, त्यास वेळ लागेल, तो द्यावा. हात चपळ आहेत. बचावात त्यांचा उपयोग शिकवावा. उंचीबद्दल शेरा नाही.’

ह्यात स्तुती कमी आहे आणि भविष्य मुळीच नाही. चपळ हातांबद्दल म्हणाल, तर २०१५-१६ साली सामन्यामागे विरोधकांचा चेंडू हिसकावण्यात एनबीएत पहिला आला तो हाच बचावात मार खाणारा गृहस्थ.

‘बाजारात एवढा विचार करावयास वेळ कोणाला आहे? कोट्यवधी डॉलर पणाला लागलेले असतात’ असा आणखी एक बचाव मला दिला जातो. मी म्हणतो, म्हणूनच. गुरांच्या बाजारात दात मोजणारा शेतकरीसुद्धा बैल एकदा नांगराला जुंपून पाहतो. आणि बाजाराला मी एक सवलत देईनही: त्यांना घ्यावयाचे किंवा सोडावयाचे असते, घडवावयाचे असतेच असे नाही. आम्हां मास्तरांना ती सवलत नाही. आमच्या दारी आलेला पोरगा आम्ही ‘घेतलेला’ नसतो. तो आमच्या पदरात असतो. तरीही प्रगतिपुस्तकांत मी काय वाचतो? ‘गणित कच्चे.’ ‘बडबड्या.’ ‘एकलकोंडा.’ ‘खेळात उंची कमी पडते.’ पुढे काम नाही, उपाय नाही, मुदत नाही. बडबड्या पोरगा उद्याचा वकील असेल, एकलकोंडा उद्याचा कवी असेल, असे गोड भविष्य मला सांगावयाचे नाही. बहुतेक बडबडे नुसते बडबडेच राहतात. पण बडबडीच्या मुळाशी त्याला वर्गात सर्वांच्या आधी काही तरी दिसले होते काय, एवढे पाहण्याची तसदी शेऱ्याआधी घ्यावयास नको काय?

करीच्या नशिबाचा एक भाग कीर्तनकार सांगत नाहीत. ज्या विद्यापीठातून त्याचे वडील खेळले, त्यानेही त्याला शिष्यवृत्तीविना जागा देऊ केली होती. तरी तो टिकला, कारण जगाचा शेरा घरी आला की त्यावर उलट शेरा मारण्याची ताकद असलेला बाप घरात होता. तालुक्याच्या शाळेतल्या पोराच्या घरी कोण आहे? त्याचा बाप प्रगतिपुस्तकावर अंगठा उठवतो किंवा मोठ्या कष्टाने सही करतो, आणि लाल शाईतले मास्तरांचे अक्षर त्या घरात वेदवाक्य होऊन बसते. आपण ‘गणित कच्चे’ लिहितो. तो पोरगा वाचतो ‘मी कच्चा’. त्याचे पुढचे सामने कोणी मोजणार नाही, त्याच्या शेऱ्याचा खोटेपणा कोठे छापून येणार नाही. एनबीएतल्या पारख्यांचा शेरा चुकला तर एका संघाचे अजिंक्यपद जाते. आपला शेरा चुकला तर काय गेले हे कोणाला कळतसुद्धा नाही, आणि म्हणून आपली जबाबदारी त्यांच्याहून मोठी आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडतील आणि सहामाहीची प्रगतिपुस्तके पुन्हा आपल्या टेबलांवर येतील. माझ्या व्यवसायबंधूंना माझी एवढीच मागणी आहे. शेऱ्याचा रकाना अरुंद असतो हे मला ठाऊक आहे. त्यात दोष आणि काम ह्यांपैकी एकच मावत असेल, तर काम लिहा.